डोक्यातली विद्या आणि खिशातली प्रत



व्याख्यानमालेच्या चालकांनी जेव्हा मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की मी वकील असल्यामुळे जमिनीचे कायदे, वारसाहक्क, मृत्युपत्रे अशा काही प्रापंचिक विषयावर बोलावे. मी त्यांना सांगितले की संगणकाच्या आज्ञावलीबद्दल, म्हणजे ज्याला आपण सगळे सॉफ्टवेअर म्हणतो त्याबद्दल बोलेन. हा विषय ऐकून आमचे एक चालक जरासे गप्प झाले. "लोक येतील ना?" असे त्यांनी हळूच विचारले. आपण आलात, ह्याबद्दल मी आपला आणि त्यांचाही आभारी आहे.

हा विषय मी का निवडला, ते प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात एक तरुण आपल्या आईला घेऊन माझ्या कचेरीत आला. शिक्षणाने अभियंता. एका मोठ्या शहरातील कंपनीत त्याने चार वर्षे नोकरी केली होती. ती कंपनी सहकारी पतसंस्थांसाठी आज्ञावली तयार करीत असे. पिग्मीची वसुली, ठेवींची खाती, कर्जावरील व्याज, किर्द-खतावणी असे सारे त्या आज्ञावलीत होते. पुढे वडील आजारी पडल्यामुळे मुलगा घरी परतला आणि आपल्या तालुक्यातील लहान पतसंस्थांना परवडेल अशी स्वतःची आज्ञावली त्याने तयार केली. सात संस्थांनी ती घेतली. आईने आपल्या पाटल्या गहाण ठेवून त्याला पहिली दोन यंत्रे घेऊन दिली होती. आणि आता त्याच्या हातात जुन्या कंपनीची नोटीस होती. तुझी आज्ञावली आमच्यासारखी दिसते, आमच्यासारखी चालते, तेव्हा पंधरा दिवसांत विक्री बंद कर आणि नुकसानभरपाई दे, असा तिचा मतलब होता. रक्कम त्या कुटुंबाने कधी एकत्र पाहिली नसेल इतकी होती.

आईने मला एकच प्रश्न विचारला. "वकीलसाहेब, माझ्या मुलाने चोरी केली आहे का?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी तिला त्या दिवशी देऊ शकलो नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

प्रथम कायद्याची बैठक पाहू. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. तो झाला तेव्हा कायदेकर्त्यांच्या डोळ्यांपुढे ग्रंथ, नाटके, चित्रे, गाणी आणि चित्रपट होते. १९८४ साली त्यात दुरुस्ती होऊन संगणकाच्या आज्ञावलीला 'साहित्यकृती'च्या व्याख्येत स्थान मिळाले आणि १९९४ च्या दुरुस्तीने ह्या तरतुदींचा विस्तार झाला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने व्याजाचा हिशेब करणारी आज्ञावली आणि एखादी कादंबरी ह्या एकाच पंक्तीला बसतात. ऐकून हसू येईल, परंतु त्यामागे विचार आहे. आज्ञावली कोणीतरी बसून ओळीमागून ओळ लिहिलेली असते. त्या लिहिण्याला श्रम आणि बुद्धी लागते. ते लिखाण उतरवून घेणे म्हणजे दुसऱ्याचे श्रम उचलणेच होय.

पण साहित्याच्या पंक्तीला बसले की साहित्याचा नियमही लागू होतो. तो नियम असा, की कॉपीराइट कल्पनेला मिळत नाही, कल्पनेच्या मांडणीला मिळतो. ह्याबाबतचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा प्रसिद्ध निकाल १९७८ सालचा, आर. जी. आनंद ह्यांच्या खटल्यातला आहे. आनंद ह्यांचे 'हम हिंदुस्तानी' नावाचे नाटक होते. प्रांताप्रांतांतील दुरावा आणि त्यातून अडलेले लग्न हा त्याचा विषय. पुढे १९५६ साली 'न्यू दिल्ली' हा चित्रपट आला. त्यातही पंजाबी आणि मद्रासी कुटुंबे, तोच दुरावा आणि तशीच प्रीती. चित्रपटाच्या दिग्दर्शकाने नाटक लेखकाच्या तोंडून ऐकलेलेही होते. तरीसुद्धा आनंद खालच्या न्यायालयात हरले, उच्च न्यायालयात हरले आणि सर्वोच्च न्यायालयातही हरले. न्यायालय म्हणाले, की विषय एक असला, कल्पना एक असली, तरी मांडणी, प्रसंग आणि विस्तार वेगळे असतील तर ते उल्लंघन नव्हे.

येथपर्यंत सोपे वाटते. परंतु नाटक आणि आज्ञावली ह्यांत एक मूलभूत फरक आहे. नाटक वाचावयाचे आणि पाहावयाचे असते. आज्ञावली लिहिलेली असते खरी, पण ती कोणी वाचीत बसत नाही. तिच्याकडून काम करून घ्यावयाचे असते. ती ग्रंथही आहे आणि यंत्रही आहे. ग्रंथाचा बाह्य आकार लेखकाच्या मर्जीवर असतो, तर यंत्राचा आकार कामाने ठरतो. व्याज काढण्याची रीत एकच असेल तर दोन आज्ञावल्या सारख्या दिसणारच. मग सारखेपणातला कोणता भाग कामाने लादलेला आणि कोणता दुसऱ्याकडून उचललेला, हे ठरवावयाचे कसे? ह्या प्रश्नावर सर्वांत मोठी लढाई अमेरिकेतील न्यायालयांत झाली. त्यातील दोन-तीन कथा मी सांगणार आहे. त्या परक्या देशातल्या असल्या तरी त्यांतील माणसे आपल्या ओळखीची वाटतील.

पहिल्या कथेचा नायक तर आपल्याच देशाच्या मातीत वाढलेला होता. ॲडम ऑस्बर्न हे त्याचे नाव. त्याचे वडील आर्थर ऑस्बर्न हे रमण महर्षींचे भक्त आणि त्यांच्यावर ग्रंथ लिहिणारे गृहस्थ. ॲडमच्या बालपणाचा मोठा भाग तिरुवण्णामलै येथे गेला. पुढे तो अमेरिकेत गेला, आणि १९८१ साली हातात धरून नेता येईल असा संगणक त्याने बाजारात आणला. हातात धरून म्हणजे आपल्या कल्पनेप्रमाणे नव्हे, त्याचे वजन सुमारे ११ किलो होते! तो व्यवसाय १९८३ साली बुडाला. पण माणूस स्वस्थ बसणारा नव्हता. आज्ञावल्या अवाच्या सवा किमतीला विकल्या जातात, त्या पुस्तकाच्या भावात मिळाल्या पाहिजेत, ह्या विचाराने त्याने दुसरी कंपनी काढली आणि तिचे नावही 'पेपरबॅक सॉफ्टवेअर' असे ठेवले.

त्या काळी 'लोटस १-२-३' ही हिशेबाच्या तक्त्यांची आज्ञावली बाजारात अग्रगण्य होती. तिची किंमत ४९५ डॉलर. ऑस्बर्नने 'व्हीपी-प्लॅनर' नावाची आज्ञावली जवळजवळ १०० डॉलरला विकावयास काढली. तिच्या आतील लिखाण स्वतंत्र होते. परंतु बाहेरून ती लोटससारखीच चालत असे. आज्ञांचे शब्द तेच, त्यांचा क्रम तोच, कळा दाबावयाच्या त्याही त्याच. लोटसवर हात बसलेल्या माणसाला काही नवे शिकावयास नको, हाच तिचा गुण होता, आणि पुस्तिकेत तो अभिमानाने सांगितलेलाही होता. १९८७ च्या जानेवारीत लोटसने दावा लावला. १९९० च्या जूनमध्ये मॅसॅच्युसेट्स येथील न्यायाधीश रॉबर्ट कीटन ह्यांनी निकाल दिला, की आज्ञांच्या यादीची रचना हीदेखील लेखकाची मांडणीच आहे. ती निराळ्या शब्दांत, निराळ्या क्रमाने करता आली असती, आणि तरीही तुम्ही तीच घेतलीत. ऑस्बर्न हरला. अपिलाच्या वाटेस न जाता त्याच्या कंपनीने तडजोड केली आणि आज्ञावलीची विक्री थांबविली. पुढे प्रकृती ढासळल्यामुळे ऑस्बर्न भारतात परतला आणि २००३ साली कोडाईकनाल येथे वारला.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तक्त्यांची कल्पना मुळात लोटसची नव्हतीच. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन ह्यांनी १९७९ साली 'व्हिसिकॅल्क' ही पहिली तशी आज्ञावली केली होती आणि लोटस तिच्यानंतर आली. म्हणजे जी कंपनी स्वतः दुसऱ्याच्या कल्पनेच्या खांद्यावर उभी राहिली, तिनेच तिसऱ्याला खाली ओढले. मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. कल्पना घेण्याचा अधिकार लोटसला होता, तसा ऑस्बर्नलाही होता. वाद होता तो कल्पना कोठे संपते आणि मांडणी कोठे सुरू होते ह्याचा.

तो वाद लगेच पुढे सरकला. ऑस्बर्नच्या निकालानंतर अवघ्या चार दिवसांनी लोटसने बोरलँड ह्या कंपनीवर दावा लावला. बोरलँडची 'क्वाट्रो' ही आज्ञावली स्वतंत्र घडणीची होती. पण ज्याला लोटसची सवय आहे त्याच्यासाठी लोटसच्या आज्ञांची पूर्ण यादीही तिने आत ठेवली होती. एकूण ४६९ आज्ञा. त्याच कीटनसाहेबांपुढे बोरलँडही हरली. मात्र बोरलँड वरच्या न्यायालयात गेली, आणि १९९५ च्या मार्चमध्ये त्या न्यायालयाने निकाल फिरविला. त्याने दृष्टांत दिला तो व्हिडिओ कॅसेट चालविण्याच्या यंत्राचा. त्या यंत्रावर 'चालू', 'थांबा', 'मागे', 'पुढे' अशी बटणे असतात. त्या शब्दांवर आणि त्यांच्या मांडणीवर कोणी साहित्याचा हक्क सांगू शकेल काय? ती यंत्र चालविण्याची रीत आहे, आणि रीतीला कॉपीराइट नाही. लोटस सर्वोच्च न्यायालयात गेली. तेथे एक न्यायमूर्ती बाजूला राहिल्यामुळे आठच उरले, आणि १९९६ च्या जानेवारीत ते चार विरुद्ध चार असे विभागले गेले. त्यामुळे खालचा निकाल कायम झाला, पण देशभर बंधनकारक असा दंडक मात्र पडला नाही.

बोरलँड जिंकली. पण जिंकेपर्यंत साडेपाच वर्षे गेली, आणि ज्या आज्ञावलीसाठी हा झगडा होता ती १९९४ सालीच तिने दुसऱ्या कंपनीस विकून टाकलेली होती. ऑस्बर्न हरला तो ज्या विचाराने, तो विचार पाच वर्षांनी त्याच प्रांतात मोडीत निघाला, पण ऑस्बर्नला त्याचा काय उपयोग? ह्या दोन कथांवरून पहिला धडा घ्यावयाचा तो असा. बाहेरच्या सारखेपणाबद्दल कायद्याची दृष्टी पुढे उदार झाली आहे खरी, पण ती रेषा दगडावर कोरलेली नाही, आणि ती शोधण्याचा खर्च ज्याचा त्याला सोसावा लागतो. जी आज्ञा कामासाठी आवश्यक आहे ती घ्या. जे रंग, जी चित्रे, जे शब्द केवळ शोभेचे आहेत ते स्वतःचे करा. आणि 'अमक्यासारखेच हुबेहूब' अशी जाहिरात करण्यापूर्वी दहा वेळा विचार करा.

आता दुसरी कथा. ही मला फार महत्त्वाची वाटते, कारण माझ्याकडे आलेल्या त्या तरुणाची कथा जणू तीच आहे. अमेरिकेत कॉम्प्युटर असोसिएट्स नावाची मोठी कंपनी होती आणि अल्ताई नावाची लहान. मोठ्या कंपनीचा एक प्रोग्रामर १९८४ साली लहान कंपनीत आला. तेथे त्याला एक जोडणीची आज्ञावली लिहावयास सांगण्यात आले. ती त्याने चटकन लिहून दिली आणि सर्वांना त्याचे कौतुक वाटले. त्या कौतुकाचे रहस्य असे होते, की जुन्या कंपनीतून निघताना त्याने तेथील मूळ लिखाणाच्या प्रती घरी आणल्या होत्या. नव्या आज्ञावलीतील जवळजवळ तीस टक्के भाग त्याने त्यांतूनच उतरविला होता. प्रती नेणार नाही असे त्याने जुन्या कंपनीला लिहून दिलेले होते. अल्ताईच्या चालकांना ह्यातले काहीच ठाऊक नव्हते.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये दावा दाखल झाला. समन्स हातात पडल्यावर अल्ताईच्या प्रमुखाने त्या प्रोग्रामरला बोलावून विचारले आणि त्याने खरे ते सांगितले. ह्यापुढे अल्ताईने जे केले ते प्रत्येक उद्योजकाने लक्षात ठेवावे असे आहे. वकिलाच्या सल्ल्याने त्यांनी ते सारे लिखाण कुलुपात टाकले. त्या प्रोग्रामरला कामापासून संपूर्ण दूर ठेवले. ज्यांनी जुनी आज्ञावली कधी हाताळली नव्हती अशा आठ माणसांना फक्त एवढेच सांगितले, की ह्या आज्ञावलीने काय काम करावयाचे. ते कसे करावयाचे हे त्यांचे त्यांनी ठरवावयाचे होते. सहा महिन्यांत नवी आज्ञावली तयार झाली. जुन्या गिऱ्हाइकांना ती फुकट बदलून दिली.

न्यायालयाने दोन्हींचा वेगवेगळा निवाडा केला. पहिल्या आज्ञावलीबद्दल अल्ताईला ३,६४,४४४ डॉलर भरावे लागले. मालकाला ठाऊक नव्हते, ही सबब चालली नाही. परंतु दुसरी आज्ञावली निर्दोष ठरली. १९९२ साली वरच्या न्यायालयाने हे उचलून धरले आणि सारखेपणा तपासण्याची एक रीत घालून दिली. आपल्या घरातील चाळणीची उपमा दिली तर ती चटकन समजेल. प्रथम आज्ञावलीचे थर उलगडावयाचे, अगदी वरच्या हेतूपासून खालच्या ओळीपर्यंत. मग ते चाळणीत घालावयाचे. जे निव्वळ कल्पना आहे ते खाली जाऊ द्यावे. जे कामाच्या सोयीने, यंत्राच्या घडणीने किंवा धंद्याच्या रिवाजाने ठरले आहे तेही जाऊ द्यावे. जे सर्वांच्या मालकीचे आहे तेही जाऊ द्यावे. चाळणीवर जे उरेल, तेवढ्यापुरतीच दोन आज्ञावल्यांची तुलना करावयाची.

अल्ताईने केले तसलेच काम, पण दावा होण्याची वाट न पाहता, १९८४ साली फीनिक्स नावाच्या कंपनीने केले होते. आयबीएमच्या संगणकात त्याला जागे करणारी एक मूळ आज्ञावली असे. तिचे छापील लिखाण कंपनीने पुस्तिकेतच दिलेले होते. त्यामुळे ते न पाहता तसे यंत्र करणे हीच मुळी कसरत होती. त्या वर्षी आयबीएमने काही स्पर्धकांवर दावे लावले होते आणि त्यांना माघार घ्यावी लागली होती. फीनिक्सने दोन गट केले. एका गटाने मूळ आज्ञावली काय करते हे कागदावर लिहिले. दुसऱ्या बाजूला असा प्रोग्रामर बसविला, की ज्याचा आयुष्यभराचा अनुभव निराळ्याच जातीच्या यंत्रावरचा होता. त्याने फक्त तो कागद पाहिला. ह्या रीतीने तयार झालेली आज्ञावली इतर कंपन्यांना निर्धास्तपणे विकत घेता आली, आणि आयबीएमसारखे चालणारे स्वस्त संगणक बाजारात पसरावयास त्यामुळे मोठी मदत झाली. पुढे आपल्या बँकांत आणि शाळांत आले ते संगणक बव्हंशी ह्याच वंशाचे होत.

एक तिसरा खड्डाही दाखवितो, कारण त्यात शहाणी माणसेदेखील पडतात. तो कॉपीराइटचा नाही, शब्द दिल्याचा आहे. एसएएस ही अमेरिकेतील संख्याशास्त्राच्या आज्ञावलीची कंपनी. इंग्लंडमधील वर्ल्ड प्रोग्रॅमिंग ह्या कंपनीने तिच्यासारखे काम करणारी आज्ञावली केली. मूळ लिखाण तिने पाहिलेलेच नव्हते. आज्ञावली विकत घेऊन, ती चालवून पाहून, तिचे वागणे टिपून नवी लिहिली. युरोपच्या न्यायालयाने २०१२ साली सांगितले, की आज्ञावलीचे कार्य, तिची भाषा आणि तिच्या माहितीची ठेवण ह्यांना कॉपीराइट नाही. इंग्लंडमध्ये त्यांची सुटका झाली. पण अमेरिकेत शिकण्यासाठीची जी प्रत त्यांनी घेतली होती, तिच्या परवान्याच्या अटी त्यांनी मोडल्या आणि ती घेताना फसवणूक केली असे ज्यूरीस २०१५ साली वाटले, आणि भरपाई तिप्पट होऊन सुमारे ७ कोटी ९१ लाख डॉलरवर गेली. परवान्याचा तो लांबलचक मजकूर न वाचता 'मान्य आहे' असे बटण आपण सगळेच दाबतो. धंदा करणाऱ्याने ते दाबण्यापूर्वी वाचले पाहिजे.

आता आपल्या घरी येऊ. आपल्या कायद्याने स्पर्धकाला काय दिले आहे आणि काय नाकारले आहे? दिले आहे ते असे. आज्ञावलीची प्रत ज्याच्याजवळ कायदेशीरपणे आहे, त्याने ती नेहमीच्या कामासाठी चालवीत असता तिच्या मागील कल्पना आणि तत्त्वे समजून घेण्यासाठी तिचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी केली तर ते उल्लंघन नाही. स्वतंत्रपणे लिहिलेली आपली आज्ञावली दुसऱ्याच्या आज्ञावलीशी जुळवून चालावी म्हणून लागणारी माहिती, अन्यत्र सहज मिळत नसेल तर, काढून घेण्याचीही मुभा आहे. आपल्या पेटंट कायद्यात निव्वळ आज्ञावलीला आणि गणिती रीतीला पेटंट मिळत नाही. अन्य देशांत मात्र मिळू शकते, तेव्हा परदेशी माल पाठविणाऱ्याने तेथील पेटंटांची चौकशी आधी करावी. आणि १८७२ सालच्या आपल्या करारकायद्याच्या २७ व्या कलमाने एखाद्याला त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो. 'नोकरी सोडल्यावर असा धंदा करणार नाही' अशी तुमच्याकडून लिहून घेतलेली ओळ न्यायालयात सहसा टिकत नाही.

नाकारले आहे ते असे. नोकरीत असताना मालकाच्या कामासाठी जे लिहिले, त्याचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, मालकच असतो, लिहिणारा नव्हे. गुप्त माहिती जपण्याचे वचन नोकरी सुटली म्हणून सुटत नाही. जाणूनबुजून केलेले कॉपीराइटचे उल्लंघन हा फौजदारी गुन्हाही आहे, त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. शिवाय वादी जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथील जिल्हा न्यायालयातही तो दावा लावू शकतो. म्हणजे लहान गावच्या माणसाला मोठ्या शहराच्या वाऱ्या घडू शकतात.

जाता जाता आज्ञावली करवून घेणाऱ्यांनाही एक सूचना. पगारी नोकराने लिहिलेले मालकाचे असते, पण बाहेरच्या माणसाला मक्ता देऊन लिहवून घेतले तर हक्क सर्वसाधारणपणे लिहिणाऱ्याकडे राहतो. तो पाहिजे असेल तर लेखी हस्तांतर करून घ्यावे लागते. पैसे दिले म्हणजे मालकी आली, ह्या समजुतीने अनेकांची फसगत होते.

आता त्या तरुणाकडे वळतो. मी त्याला तीन प्रश्न विचारले. पहिला प्रश्न, तू कशावर सही केली होतीस? त्याने कागद आणले. गुप्ततेचे कलम होते, आणि दोन वर्षे हा धंदा न करण्याचेही होते. दुसऱ्याची मला चिंता वाटली नाही. दुसरा प्रश्न, तुझ्या आणि त्यांच्या आज्ञावलीत सारखे काय आहे? त्याने दोन्हींची छायाचित्रे दाखविली. किर्द किर्दीसारखी होती आणि खतावणी खतावणीसारखी. त्या आपल्या बापजाद्यांच्या वह्यांवरूनच आलेल्या आहेत. नोटिशीत सारा भर त्याच सारखेपणावर होता, आणि तो चाळणीतून बहुतेक सगळा खाली जाणारा होता.

तिसरा प्रश्न मी विचारला. "निघताना तू बरोबर काय आणलेस?"

तो म्हणाला, "काही नाही, साहेब." मग थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "व्याजाचा एक भाग आहे. थकलेल्या हप्त्यावरचे व्याज मोजण्याचा. तो तिथे मीच लिहिला होता. महिनाभर रात्री जागून. त्याची प्रत माझ्याजवळ होती. ती मी इथे वापरली. पण साहेब, ती माझ्याच हातची आहे. माझीच वस्तू मी आणली तर ती चोरी कशी?"

आई त्याच्याकडे पाहत होती.

मी त्याला सुताराचा दाखला दिला. एक कारागीर दहा वर्षे एका कारखान्यात खुर्च्या करतो. तेथे बसून, मालकाच्या लाकडातून, मालकाच्या वेळात तो एक फर्मा घडवितो. तो जेव्हा काम सोडतो तेव्हा त्याचा हात त्याच्याबरोबर जातो. नजर जाते, रंधा कसा धरावा ही जाण जाते, खुर्ची कोठे मोडते हा अनुभव जातो. हे सारे त्याचे आहे, आणि कोणताही मालक ते काढून घेऊ शकत नाही. पण तो फर्मा कारखान्याच्या भिंतीवरच राहतो, जरी तो त्याने स्वतःच्या हाताने घडविला असला तरी. घरी येऊन त्याने नवा फर्मा करावा. तो पहिल्यापेक्षा चांगलाच होईल, कारण पहिल्यात काय चुकले हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे?

त्याला ते पटले असे मी म्हणणार नाही. "हा अन्याय आहे," असे तो म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असेही मला वाटत नाही. महिनाभराची जागरणे त्याची होती. पण त्या महिन्याचा पगारही त्याने घेतला होता. ह्या दोन सत्यांपैकी कायद्याने दुसऱ्याला धरले आहे, आणि धंदा करावयाचा तर ते धरून चालले पाहिजे.

आम्ही अल्ताईचा रस्ता धरला. ती जुनी प्रत एका पाकिटात सीलबंद करून माझ्या तिजोरीत ठेवली. तो भाग पुन्हा लिहिण्याचे काम त्याच्या एका मित्राला दिले. त्याने त्या कंपनीचे काहीच पाहिलेले नव्हते. त्याला एका पतसंस्थेचे छापील नियम आणि हिशेबाची दहा उदाहरणे दिली. रोज काय केले हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवले. पाच आठवडे लागले. मग मी नोटिशीला उत्तर दिले. सारखेपणाचा आरोप नाकारला, मात्र एवढा एक भाग घेतला गेला होता हे कबूल केले, तो काढून टाकल्याचे कळविले आणि मागील काळाबद्दल वाजवी रक्कम देण्याची तयारी दाखविली. हे कबूल करावे की नाही ह्यावर मी दोन रात्री विचार केला. पण पुढे न्यायालयात ते उघडे पडले असते, तर त्याच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवला नसता. तडजोड झाली. रक्कम मागणीच्या मानाने थोडी, पण त्याच्या मानाने थोडी नव्हती. पाटल्या सोडवावयास आणखी दोन वर्षे लागली.

बंधुभगिनींनो, नोटीस पाठविणाऱ्यांना उद्देशूनही दोन शब्द बोलणे माझे कर्तव्य आहे. आपल्या श्रमाचे रक्षण अवश्य करा. पण लहान स्पर्धक घाबरून दुकान बंद करील एवढ्याच हेतूने निराधार नोटीस पाठवू नका. आपल्याच कॉपीराइट कायद्याच्या ६० व्या कलमाखाली, अशी पोकळ धमकी ज्याला मिळाली त्याला उलट दावा लावता येतो, धमकी निराधार असल्याचे जाहीर करून घेता येते आणि नुकसानही मागता येते.

आणि आपल्या घरातील तरुणांना, जे उद्या पुण्या-मुंबईच्या नोकऱ्या सोडून गावी येतील, आणि ते यावेत अशी माझी फार इच्छा आहे, त्यांना एवढेच सांगा. निघण्याच्या दिवशी आपला संगणक, आपला मोबाइल, आपली पत्रपेटी रिकामी करून निघा. आपल्या मालकीची म्हणून एक ओळही बरोबर आणू नका. नवे काम पहिल्या दिवसापासून तारखेनिशी लिहून ठेवा. ती वही उद्या तुमची साक्षीदार होईल. आणि मग बिनदिक्कत स्पर्धा करा. तुमच्या आधी कोणी तीच वस्तू केली आहे म्हणून कचरू नका. दुसऱ्यासारखी वस्तू करणे हा गुन्हा नाही, ती अधिक चांगली आणि अधिक स्वस्त करणे तर नाहीच नाही.

त्या माउलीने मला विचारले होते, माझ्या मुलाने चोरी केली आहे का? आज मी तिला असे सांगेन. बाई, तुमच्या मुलाने जे डोक्यात आणले ती त्याची विद्या होती. जे खिशात आणले ते परत करावयाचे होते, आणि त्याने ते केले.